सॅफो माहीत आहे, पण महदंबा?

ग्रीक कवयित्री सॅफोचे नाव इंग्लिश मीडियमवाल्यांनी कुठे ना कुठे वाचलेले असते. ख्रिस्तपूर्व ६०० च्या आसपास लेस्बॉस बेटावर ती लायर नावाच्या तंतुवाद्यावर गाणी म्हणायची, त्यात लग्नाची गाणीही होती. ('लिरिक' हा शब्द या लायरवरूनच आला.) पण मित्रांनो, आपल्या विदर्भातच, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मराठीतली पहिली कवयित्री गायली, आणि तीही लग्नाचीच गाणी, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

तिचे नाव महदंबा. महदाइसा असेही म्हणतात. बालविधवा. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथात आली आणि प्रश्न विचारून विचारून तिने स्वामींना बोलते केले. 'लीळाचरित्रा'त जागोजागी ती काहीतरी विचारतच असते! तेराव्या शतकातली एक विधवा बाई, आणि गुरू तिला गप्प बस म्हणत नाहीत, उलट तिच्या चौकसपणाचे कौतुक करतात. मला तर ही गोष्ट तिच्या कवितेइतकीच मोठी वाटते.

स्वामींच्या पश्चात ही मंडळी रिद्धपूरला गोविंदप्रभूंजवळ राहिली. गोविंदप्रभू म्हणजे लहान मुलासारखे लहरी. एकदा त्यांना लग्न करायची लहर आली. भक्तांनी लुटुपुटीचे लग्न मांडले. आता लग्न म्हटले की धवळे हवेत, म्हणजे वरासाठी गायची गाणी. महदंबेने ते तिथल्या तिथे रचून म्हटले. विषय घेतला कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचा. आणि रुक्मिणी कुठली? वर्धा नदीकाठच्या कौंडिण्यपूरची, म्हणजे आपल्या विदर्भाचीच! भाऊ शिशुपालाशी लग्न लावून द्यायला निघालाय, म्हणून ही पोरगी ब्राह्मणाकरवी थेट कृष्णाला निरोप धाडते. ज्ञानेश्वरी १२९० ची. हे धवळे तिच्याही काही वर्षे आधीचे. पुढे तिने याच कथेवर 'मातृकी रुक्मिणी स्वयंवर' लिहिले, त्यात ओव्यांची सुरुवात वर्णमालेतल्या अक्षरांच्या क्रमाने होते.

मग ही कविता इतकी वर्षे होती कुठे? इथे आपल्या कॉम्प्युटरवाल्यांना मजा वाटेल. ग्रंथ बाहेरच्यांच्या हाती पडू नयेत म्हणून महानुभावांनी चौदाव्या शतकापासून पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. सकळ लिपी त्यातली मुख्य. एका अक्षराच्या जागी दुसरे, सरळ सब्स्टिट्यूशन सायफर! किल्ली पंथातल्या लोकांकडेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, नंतर यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि नागपूरचे वि. भि. कोलते अशा अभ्यासकांनी हे साहित्य उजेडात आणले. तोपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी माणसाला आपली पहिली कवयित्रीच माहीत नव्हती.

सॅफोचे उलटे झाले. अलेक्झांड्रियाच्या पंडितांनी तिच्या कवितांचे नऊ भाग केले होते, पण पुढे कोणी नकलाच केल्या नाहीत. आज पूर्ण म्हणावी अशी जेमतेम एक कविता, बाकी तुकडे. १८९७ नंतर इजिप्तमधल्या जुन्या उकिरड्यांतून पपायरसचे तुकडे निघाले, त्यांवरून लोक ओळी जुळवत बसलेत. २००४ मध्येसुद्धा एका कवितेचा बराचसा भाग नव्याने हाती लागला! महदंबेच्या पोथ्या निदान कुणीतरी पिढ्यानपिढ्या उतरवून काढत होते, कुलूप लावून का होईना.

आता तर रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झालेय. धवळे छापील पुस्तकात मिळतात. भाषा जुनी आहे, पहिल्या वाचनात निम्मे डोक्यावरून जाते, पण मोठ्याने म्हणून बघा, चाल आपोआप सापडते.