घरकुल योजना : शब्दांचा अर्थ आणि कामाची रीत

पोटास अन्न आणि अंगास वस्त्र ह्यांच्या बरोबरीने डोक्यावर छप्पर ही माणसाची मूलभूत गरज होय. पावसाळ्यात गळणाऱ्या झोपडीत धान्य भिजते, बियाणे कुजते, लहान मुले आजारी पडतात. म्हणून ग्रामीण घरबांधणी हा शेतीच्या उन्नतीपासून वेगळा प्रश्न मानता येत नाही. ह्या कामी शासनाच्या योजना आहेत. परंतु त्यांतील शब्दांचा अर्थ न उमगल्यामुळे पुष्कळ गरजू कुटुंबे मागे राहतात. त्याकरिता काही प्रमुख संज्ञांचा येथे खुलासा केला आहे.

सामूहिक विकास आणि गट

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ ठिकाणी सामूहिक विकास योजना सुरू झाल्या आणि पुढील वर्षी त्याच दिवशी राष्ट्रीय विस्तार सेवेचा आरंभ झाला. अनेक गावे मिळून एक ‘गट’, त्या गटासाठी गटविकास अधिकारी आणि गावपातळीवर ग्रामसेवक, अशी ही रचना होती. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि विकासाची कामे लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या हाती आली. ग्रामसेवकाच्या पदाचे नाव २०२४ पासून राज्यात ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे झाले आहे. नाव बदलले तरी शासन व गावकरी ह्यांमधील दुवा तोच आहे.

कर्ज आणि अनुदान

कर्ज परत करावयाचे असते. अनुदान परत करावयाचे नसते. १९५७ साली सुरू झालेल्या ग्रामीण गृहनिर्माण योजनेत घरासाठी कर्ज मिळत असे. कर्ज फेडण्याची ऐपत ज्याच्यापाशी नव्हती, त्याला तिचा उपयोग थोडाच होता. १९८५-८६ साली सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेने गरीब कुटुंबांस अनुदानाचा मार्ग खुला केला. १ एप्रिल २०१६ पासून तिचे रूपांतर प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) ह्या योजनेत झाले. त्या वेळी अनुदानाची रक्कम सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये व डोंगराळ आणि दुर्गम भागांत १ लाख ३० हजार रुपये ठरविण्यात आली. ज्यास कमी पडेल त्याने ७० हजार रुपयांपर्यंत बँकेचे कर्ज घ्यावे, अशी तरतूद होती. परंतु ते कर्ज ऐच्छिक आहे, हे लाभार्थ्यास स्पष्ट सांगावयास हवे.

प्रतीक्षा यादी आणि ग्रामसभा

लाभ कोणास द्यावयाचा, हे अर्जाच्या घाईवर अवलंबून नाही. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणात जी कुटुंबे बेघर, अथवा कच्च्या भिंती व कच्चे छप्पर असलेल्या एक-दोन खोल्यांत राहणारी आढळली, त्यांची नावे प्रथम घेण्यात आली. ही नावे ग्रामसभेपुढे वाचून तपासली जातात व त्यांतून क्रमवार ‘प्रतीक्षा यादी’ तयार होते. सुटलेल्या कुटुंबांसाठी २०१८ पासून ‘आवास प्लस’ हे निराळे सर्वेक्षण करण्यात आले.

ग्रामसभेचे महत्त्व येथेच आहे. ज्या दिवशी यादी वाचली जाते, त्या दिवशी मजुरीस गेलेल्या विधवेचे नाव गळले तर ते तिच्या ध्यानातही येत नाही. म्हणून कार्यकर्त्याने सभेची तारीख वस्तीवस्तीत आधी पोहोचवावी आणि यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली आहे की नाही, हे पाहावे.

जागा नसलेल्यांचा प्रश्न

घर मंजूर झाले तरी जागा नसेल तर ते कागदावरच राहते. अशा भूमिहीन कुटुंबांसाठी राज्यात पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आहे. तसेच अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास व अनुसूचित जमातींसाठी शबरी आवास ह्या राज्याच्या योजना आहेत.

हप्ता, जोते आणि काळी जमीन

अनुदान एकरकमी मिळत नाही. पहिला हप्ता मंजुरीनंतर व पुढील हप्ते कामाच्या प्रगतीप्रमाणे लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात. जोते, म्हणजे जमिनीपासून भिंतीच्या आरंभापर्यंतचा चौथरा, पूर्ण झाल्याचे छायाचित्र नोंदविले गेले की पुढचे पाऊल पडते.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक मोठ्या पायाची. योजनेत किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट, क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह सांगितले आहे. हौसेने दुप्पट पाया खोदला की पैसे भिंतीतच संपतात आणि छपराविना भिंती पावसात उभ्या राहतात. प्रथम लहान घर पुरे करावे. पुढे वाढविता येईल अशी बाजू मोकळी ठेवावी.

दुसरी चूक जमिनीच्या जातीकडे दुर्लक्ष करण्याची. काळी जमीन पाण्याने फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे शेतकरी आपल्या शेतात दर वर्षी पाहतो. तीच जमीन पायाखाली राहिली तर भिंतीसही तडे जातात. म्हणून पाया काळ्या थराखाली मुरमापर्यंत न्यावा. थर फार खोल असल्यास पंचायत समितीच्या अभियंत्याचा सल्ला घ्यावा. घराभोवती पाणी साचू देऊ नये. सिमेंटच्या कामावर निदान आठवडाभर नियमित पाणी मारावे.

सुगी आटोपल्यावर काम सुरू केल्यास घरची माणसे कामास मिळतात आणि मृगापूर्वी छप्पर चढते. गावात एकाच वेळी अनेक घरे मंजूर असतील, तर विटा व वाळू एकत्र आणल्यास वाहतुकीचा खर्च कमी येतो. सामूहिक विकास ह्या शब्दाचा खरा अर्थ अशा कामातच दिसून येतो. यादीतील प्रत्येक नावामागे एक कुटुंब पावसाळ्याची वाट भीतीने पाहत असते, हे कार्यकर्त्याने सदैव ध्यानात ठेवावे.