म्हातारपणी दाताचा बुंधा सांभाळा

संत्र्याचे झाड डिंक्याने जाते ते शेंड्याकडून नव्हे, बुंध्याकडून. म्हणून पावसाळ्याआधी आपण बुंध्याला बोर्डो मलम लावतो. लोधीखेड्याच्या बागवानाला हे सांगायला नको. दाताचेही तसेच आहे. वय वाढले की हिरडी सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर वरच्यासारखे टणक कवच नसते. कीड तेथे लवकर लागते, पुष्कळदा दुखतही नाही, आणि एके दिवशी भाकर चावताना दात मुळाशी मोडतो.

त्यात आजारांची भर. मधुमेह, रक्तदाब, दमा एकाच आजोबांना असतात. रक्तदाबाच्या व लघवीच्या काही गोळ्या, ॲलर्जीच्या, नैराश्याच्या गोळ्या तोंड कोरडे करतात. लाळ ही दाताची राखणदार. ती आटली की कीड मोकाट सुटते. कोरड पडते म्हणून आजोबा खडीसाखर चघळतात, दिवसभर गोड चहाचे घोट घेतात. इथेच घात होतो. दात गेले की भाकर सुटते, चहात बुडवलेली बिस्किटे येतात, आणि मधुमेह आणखी चढतो. हिरड्या सुजलेल्या असल्या तरी साखर आटोक्यात येणे कठीण जाते.

म्हणून कोरडीवर साध्या पाण्याचे घोट घ्यावेत. गोड खायचेच तर जेवणाबरोबर. राखुंडी व विटेची भुकटी सोडा, त्यांनी उघडे मूळ झिजते. मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट घ्या, सकाळी व रात्री झोपताना, हिरडीच्या कडेला हळूच फिरवा. नंतर फेस थुंकावा, पण पाण्याने खळखळून चूळ भरू नये. पेस्टचा अंश दातावर राहिला पाहिजे. संत्रे खाल्ल्यावर मात्र चूळ भरावी, ब्रश अर्ध्या तासाने. दम्याचा पंप ओढल्यावरही चूळ हवी. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवावी. खर्ऱ्याबद्दल आम्ही पुष्कळदा लिहिले आहे. तो सुटला तर उत्तमच.

हात थरथरतात किंवा बोटे वळत नाहीत अशांचे दात सुनेने, नातवाने घासून द्यावेत. ब्रशच्या दांड्याला चिंधी गुंडाळली की पकड येते.

वर्षातून एकदा तरी, दुखत नसले तरी, दात दाखवावेत. नागपूरला सरकारी दंत महाविद्यालय आहे. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती दात काढण्याआधी आपल्या मनाने बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.