हेल्मेटच्या काचेवर वाफ का धरते आणि ती कशी रोखायची

(मिरा-भाईंदरच्या सिल्व्हर पार्क परिसरात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? काचेवर वाफ धरली तर पुसायची आणि पुढे जायचं. पण पुसायची म्हणजे कधी पुसायची, हे आधी बघू.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी चालली असेल तर ती एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे जाते. हातमोज्याने काच पुसायला दोन सेकंद लागली, तर तेवढ्यात तुम्ही ३३ मीटर अंतर कापलंत, तेही एका हाताने आणि जवळजवळ आंधळेपणाने. इथून निघालं की काशीमिरा नाका आणि नाक्यापलीकडे महामार्ग, रात्रभर ट्रक-ट्रेलर वाहणारा. त्या गर्दीत ३३ मीटर ही काही छोटी गोष्ट नाही.

दुसरा प्रकार जास्त दिसतो. काच धूसर झाली की लोक ती सरळ वर करतात आणि तशीच गाडी चालवतात. मग डोळ्यांत वारा, धूळ, एखादं चिलट. आणि तिसरा प्रकार म्हणजे हेल्मेटच नको, ‘त्यातून दिसत नाही’ म्हणून. ही तक्रार खोटी नाही, म्हणूनच तिचं उत्तर नीट द्यायला हवं.

वाफ येते कुठून?

आपल्या नाकातोंडातून बाहेर पडणारी हवा साधारण ३४ अंश सेल्सिअसची असते आणि बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. या तापमानाला एक घनमीटर हवेत सुमारे ३७ ग्रॅम बाष्प मावतं. हवा गार झाली की तिची ही क्षमता झपाट्याने कमी होते. २५ अंशांना सुमारे २३ ग्रॅम, १७ अंशांना साडेचौदा आणि १० अंशांना जेमतेम साडेनऊ ग्रॅम. उरलेलं पाणी कुठेतरी बसणारच, आणि हेल्मेटच्या आत सगळ्यात गार जागा कुठली? काच. ज्या तापमानाला हवेतलं बाष्प पाणी होऊ लागतं त्याला आपण दवबिंदू म्हणतो. काच त्याच्या खाली गेली की दव पडलं म्हणून समजा. पहाटे गवतावर पडतं तेच हे.

पाणी फार लागतही नाही. शांत बसलेला माणूस मिनिटाला सात-आठ लिटर हवा बाहेर टाकतो, म्हणजे साधारण पाव ग्रॅम पाणी. त्यातला दहावा हिस्सा काचेवर बसला तरी समोरचं चित्र पुसट होतं.

पण पाणी तर पारदर्शक असतं, मग काच धूसर का दिसते? कारण ते सपाट बसत नाही. पृष्ठताणामुळे त्याचे हजारो बारीक थेंब होतात आणि प्रत्येक थेंब छोट्या भिंगासारखा प्रकाश भलतीकडे वळवतो. दिवसा त्यामुळे सगळं पांढुरकं दिसतं. रात्री समोरून हेडलाइट आला की अख्खी काच पेटल्यासारखी होते आणि त्या उजेडामागचा पायी चालणारा माणूस दिसेनासा होतो. तेच पाणी सपाट पातळ थर होऊन बसलं असतं तर आरपार दिसलं असतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे थंडी तरी कुठे आहे?

हा प्रश्न नेहमी येतो. मिरा रोडला जानेवारीच्या पहाटे सतरा-अठरा अंश म्हणजे आपल्या दृष्टीने कडाका. मग वाफेची एवढी चर्चा कशाला? थोडा हिशेब मांडून बघू. गाडी वेगात असताना काच बाहेरच्या हवेइतकी गार झाली, असं धरू.

बाहेर १७ अंश आणि हवेत ६० टक्के आर्द्रता असेल तर बाहेरच्या हवेत सुमारे ९ ग्रॅम बाष्प आहे. काचेजवळ साडेचौदा ग्रॅमपर्यंत चालतं. म्हणजे श्वासाच्या एका भागात बाहेरच्या हवेचे चार भाग मिसळले की काच स्वच्छ राहते. काच एक खाच उघडी ठेवली आणि गाडी चालत असली की एवढी हवा सहज मिळते.

आता याच गाडीवर पहाटे मुरबाडमार्गे माळशेज घाटात जा, किंवा कसारा घाट चढून नाशिककडे. निफाडच्या बाजूला थंडीत पारा दहाच्या खाली सहज उतरतो. बाहेर १० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर श्वासाच्या एका भागाला बाहेरच्या हवेचे पंधरा भाग लागतात. चाराचे पंधरा झाले! म्हणून इथे पुरणारी एक खाच तिथे पुरत नाही आणि माणूस म्हणतो, ‘हेल्मेट बिघडलं.’ हेल्मेट बिघडलेलं नसतं, हिशेब बदललेला असतो.

घाटापर्यंत जायचीही गरज नाही. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या बाजूला, एकीकडे राष्ट्रीय उद्यानाची झाडी आणि दुसरीकडे खाडी, तिथे पहाटे हवा गारही लागते आणि दमटही. वस्तीत स्वच्छ असलेली काच तिथे अचानक धरते, ती यामुळेच.

पावसाळ्याचं गणित आणखी वेगळं. २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला सहा भाग हवा लागते. म्हणजे कोरड्या थंडीपेक्षा जास्त, आणि त्यात काच उघडली की पाऊस आत. म्हणून थंडीत पहिला उपाय हवा खेळती ठेवण्याचा, तर पावसात आणि घाटात काचेवरच्या थराचा.

पहिला उपाय : हवा

थंडी वाजते म्हणून लोक हनुवटीजवळची झडप बंद करतात. नेमकी तीच उघडी हवी. तिथून आलेली हवा बहुतेक हेल्मेटांत काचेच्या आतल्या बाजूने वर जाते. कपाळावरच्या झडपा डोक्यासाठी असतात, काचेला त्यांचा उपयोग कमी. हनुवटीखाली लावायचा कापडी पडदा ऊब देतो, पण श्वासही आत कोंडतो. तो लावला तर झडप उघडी पाहिजेच.

काच सगळ्यात जास्त धरते ती सिग्नलला, कारण वारा थांबतो आणि श्वास चालूच राहतो. म्हणून वेग कमी होऊ लागला की काच एक खाच उघडायची आणि गाडीने वेग घेतला की बंद करायची. वाफ धरल्यावर नव्हे, धरण्याआधी. ही सवय लागली की अर्धं काम झालं.

आता रुमालाबद्दल. धुळीमुळे आपण हेल्मेटखाली रुमाल किंवा स्कार्फ नाकावरून बांधतो. कापडातून श्वास सरळ जात नाही, तो वरच्या कडेने सुटतो आणि थेट काचेवर किंवा चष्म्यावर येतो. कोविडच्या काळात मास्क लावून सगळ्या चष्मेवाल्यांनी याचा अनुभव घेतलाय. रुमाल नाकाच्या खाली घ्या, किंवा वरची कड नाकाला घट्ट बसेल असा मास्क वापरा. काही हेल्मेटांत नाकावर बसणारी रबरी पट्टी मिळते, ती श्वास खाली वळवते. मिळाली असेल तर काढून ठेवू नका.

दुसरा उपाय : काचेवरचा थर

इथे ती सपाट पाण्याची गोष्ट आठवा. पाणी येणारच असेल तर त्याचे थेंब होऊ द्यायचे नाहीत. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब ओल्या मऊ कापडावर घ्या, काचेच्या आतल्या बाजूला पातळ पसरा, वाळू द्या आणि कोरड्या मऊ कापडाने काच पुन्हा पारदर्शक दिसेपर्यंत हलकेच पुसा. साबणामुळे पृष्ठताण कमी होतो आणि पाणी पसरून बसतं. दाढीच्या फेसानेही हेच होतं. जुने टॅक्सीवाले पावसात काचेवर तंबाखू चोळतात, त्यामागेही पाणी पसरवण्याचाच हिशेब आहे.

हा उपाय एक-दोन फेऱ्या टिकतो, मग पुन्हा करावा लागतो. जाड थर देऊ नका, ओघळून डोळ्यांत गेला तर चुरचुरतं. आणि काचेवर कारखान्यातूनच वाफरोधक लेप असेल तर साबण लावूच नका, लेप खराब होतो.

टूथपेस्ट मात्र नको. तिच्यात घासणारे बारीक कण असतात. हेल्मेटची ‘काच’ म्हणजे खरं तर पॉलीकार्बोनेट, म्हणजे प्लॅस्टिक. त्यावर बारीक ओरखडे पडले की रात्रीची चमक कायमची वाढते. पेट्रोल, थिनर, खिडक्या पुसायचा अमोनियाचा द्राव, यांनी प्लॅस्टिकला तडे जाऊ शकतात. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड, एवढं पुरे.

तिसरा उपाय : दुहेरी काच

थंड देशांत घरांना दुहेरी काचेच्या खिडक्या असतात. दोन काचांमधली कोंडलेली हवा उष्णता सहजी जाऊ देत नाही, म्हणून आतली काच उबदार राहते. हीच युक्ती हेल्मेटसाठी करतात. मूळ काचेच्या आत दुसरी पातळ काच बसवायची. आपल्याकडे ती ‘पिनलॉक’ नावाने ओळखली जाते. आतली काच दवबिंदूच्या वर राहते, शिवाय तिचा पदार्थ थोडं पाणी शोषूनही घेतो. घाटात ते पंधरा भाग हवा आणणं कठीण असतं, तिथे ही कामाला येते.

घेताना दोन गोष्टी बघा. आपल्या काचेला त्यासाठीच्या दोन खुंट्या आहेत का? आणि कडेची सिलिकॉनची वळी सगळीकडून टेकते का? कुठे फट राहिली तर वाफ दोन काचांच्या मध्ये धरते आणि तिथे हात पोचत नाही. खुंट्या किंचित फिरवून ती घट्ट करता येते.

अंतराळात काय झालं?

५ जून १९६६ रोजी जेमिनी ९ए यानातून युजीन सर्नन हा अमेरिकी अंतराळवीर बाहेर पडला. काम अपेक्षेपेक्षा फार कष्टाचं निघालं. श्वास आणि घाम इतका वाढला की पोशाखातली थंडावा देणारी यंत्रणा पुरी पडेना आणि शिरस्त्राणाची काच आतून धूसर झाली. त्याने नाकाने घासून एवढीशी जागा साफ केली आणि तेवढ्यातून बघत तो परतला. नियोजित प्रयोग सोडून द्यावा लागला. पुढच्या मोहिमांत काचेच्या आतल्या बाजूला वाफरोधक द्राव लावण्यात आला. त्यालाही काच पुसता आली नाही, कारण ती आतून धरली होती. उपाय निघण्याआधी करायचा असतो, तो यासाठीच.

श्रोत्यांचे प्रश्न

एका ताईंनी विचारलं, ‘मग अर्ध्या चेहऱ्याचं हेल्मेटच घ्यावं का? त्यात वाफ कमी धरते.’ खरंय, कमी धरते. पण त्यात हनुवटी आणि जबडा उघडा राहतो. वाफेवर वर सांगितलेले स्वस्त उपाय आहेत, जबड्यावर नाहीत. पूर्ण चेहऱ्याचंच घ्या, आणि आयएसआय चिन्हाचं. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला ते बंधनकारक आहे.

दुसरा प्रश्न, ‘हवा खेळावी म्हणून हनुवटीजवळचा फोम काढला तर?’ नको. तो फोम धक्का झेलण्यासाठी आहे. कवचाला भोकं पाडणं तर अजिबात नको.

तिसरा प्रश्न, ‘सकाळी निघताक्षणीच वाफ का धरते?’ बहुधा हेल्मेट रात्रभर गाडीच्या आरशावर टांगलेलं असतं. काच गार, आतलं अस्तर दवाने किंवा कालच्या घामाने ओलं. डोकं घातलं की अस्तर तापतं आणि त्याचीच वाफ होते. हेल्मेट घरात ठेवा, अस्तर पंख्याखाली वाळवा. आणि हेल्मेट घातल्यावर जिन्यातून काच बंद करून उतरू नका. गाडी सुरू होईपर्यंत ती वर असू द्या.

चहा गाळताना एक चाचणीही करता येते. थर दिलेली काच वाफाळत्या कपावर थोडी उंच धरा. थेंब दिसले तर थर पुन्हा द्यायचा. पाण्याचा सपाट पापुद्रा झाला आणि पलीकडची भिंत स्वच्छ दिसली, तर उद्या पहाटे निघायला हरकत नाही. सावकाश जा.