रोमच्या वाटेवर, ठिपक्या-ठिपक्यांनी

पोप सहावा अलेक्झांडर याने 1500 हे पवित्र वर्ष जाहीर केले आणि यात्रेकरू रोमकडे निघाले. मार्चमधल्या, दिवस-रात्र समान असलेल्या एका दिवशी न्युरेम्बर्गहून निघालेला यात्रेकरू डोळ्यांपुढे आणू या. झोळीत दोन वस्तू आहेत: एर्हार्ड एट्सलाउबचा लाकडी ठशावरून छापलेला ‘रोमचा रस्ता’ हा नकाशा आणि होकायंत्र बसवलेले दुमडते सूर्यघड्याळ. एट्सलाउब स्वतः अशी घड्याळे बनवणारा कारागीर होता. नकाशाच्या तळाशी त्याने तसेच होकायंत्र छापले आणि ते कसे वापरायचे तेही सांगितले.

सकाळी 7. गावात एकच टोला पडतो, कारण न्युरेम्बर्गमध्ये दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. यात्रेकरू वेशीबाहेर पडतो.

साडेदहा. श्वाबाख आले. नकाशावर रस्ता म्हणजे ठिपक्यांची ओळ. दर ठिपक्याला एक जर्मन मैल, म्हणजे सुमारे साडेसात किलोमीटर. दोन ठिपके संपले. किती चाललो हे आता कुणाला विचारायला नको.

दुपारी 12. सूर्यघड्याळाची डबी उघडून तो सपाट दगडावर ठेवतो; आतला दोरा ताणला जातो. चुंबकसुई खऱ्या उत्तरेपासून थोडी पूर्वेला झुकते. हा कल न्युरेम्बर्गचे कारागीर तबकडीवर खुणेने दाखवत. सुई त्या खुणेवर आली की ताणलेल्या दोऱ्याची सावली माध्यान्हरेषेवर पडते. मग तो नकाशा काढतो. नकाशात दक्षिण वर आहे. आपल्याला हे उलटे वाटते, पण रोमकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला हाच नकाशा सुलट! माझ्या मते या कागदाचे खरे कौशल्य इथे आहे.

संध्याकाळी 5. पाच ठिपके, म्हणजे सुमारे साडेसदतीस किलोमीटर. पण दक्षिणेकडे जाताना घड्याळाकडेही लक्ष द्यावे लागते: दोऱ्याचा उतार त्या-त्या जागेच्या अक्षांशाइतका असावा लागतो. न्युरेम्बर्ग साडेएकोणपन्नास अंशांवर, रोम बेचाळीसवर. तोच उतार ठेवला तर उन्हाळ्यात रोमला सकाळ-संध्याकाळची वेळ चुकेल. म्हणून पुष्कळ घड्याळांत दोऱ्यासाठी वेगवेगळ्या अक्षांशांची भोके असत.

संध्याकाळी 6. सूर्य मावळला. न्युरेम्बर्गमध्ये आता रात्रीचे तास नव्याने सुरू होतात. इटलीत सूर्यास्तापासून सलग 24 तास मोजतात. तिथे आजची माध्यान्ह अठराव्या तासाला आली.

नकाशा आणि सूर्यघड्याळाची ही सोबत पुढे जर्मन भूगोलकार सेबास्टियन म्युन्स्टरने चालवली. 1525 मध्ये त्याने आपल्या ‘सूर्ययंत्रा’च्या छापील कागदावर जर्मनीचा नकाशा दिला. 1528 च्या पुस्तिकेत हायडेलबर्गच्या परिसराचा नमुना-नकाशा देऊन त्याने विद्वानांना आपापल्या गावाभोवतालचा प्रदेश मोजून पाठवण्याचे आवाहन केले.