प्रत्यारोपणानंतरचा संसार

ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, घरात शिरला की रुग्णाच्या पतीच्या अथवा पत्नीच्या मनात पहिला विचार बहुधा हाच येतो, की माझ्यातले काय हवे ते काढा आणि यांना द्या. आणि नेमके तेच दान त्यांच्या हाती नसते. अस्थिमज्जेतील मूलपेशी परक्या देहात रुजण्यासाठी ज्या एचएलए नामक खुणा जुळाव्या लागतात, त्या आईबापांकडून वारशाने येत असल्यामुळे सख्ख्या भावंडाशी त्या पूर्णपणे जुळण्याचा संभव चारांत एक एवढा असतो, आईवडील आणि अपत्ये यांच्याशी त्या निम्म्या जुळतात व तेवढ्यावरही आता प्रत्यारोपण होते. परंतु विवाहाने जोडलेल्या माणसाशी त्या जुळणे हा निव्वळ योगायोग. ज्याला पेशी देता येत नाहीत, त्याच्याच वाट्याला पुढील सारी शुश्रूषा येते, आणि ती औषधाइतकीच उपचाराचे अंग आहे, असे माझे ठाम मत आहे.

या विद्येच्या इतिहासातही एक दांपत्य आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या कार्याबद्दल १९९० साली नोबेल पारितोषिक मिळालेले अमेरिकेतील डॉ. डोनॉल थॉमस यांच्या संशोधनात त्यांच्या पत्नी डॉटी या दीर्घकाळ त्यांच्या बरोबरीने राबल्या. आपल्याकडे १९८३ साली परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी एका बालिकेला तिच्या भावाची मज्जा देऊन या उपचाराचा पाया घातला.

प्रत्यक्ष प्रत्यारोपण दिसायला साधे असते. केमोथेरपीच्या, आणि काही वेळा किरणांच्याही, तीव्र मात्रेने रुग्णाची स्वतःची मज्जा रिकामी केली जाते आणि मग दात्याच्या पेशींची पिशवी रक्ताच्या पिशवीसारखीच शिरेतून चढवतात. तो दिवस शून्य मानून पुढची मोजणी सुरू होते. त्यानंतरचे दोन ते चार आठवडे तोंडातल्या जखमांचे, तापाचे आणि गिळता न येणाऱ्या घासांचे. रोज सकाळी ‘आज काउंट किती?’ हा एकच प्रश्न असतो, आणि न्यूट्रोफिल पेशी सलग तीन दिवस ५००च्या वर राहिल्या की नवी मज्जा रुजली असे डॉक्टर सांगतात. कालांतराने रुग्णाचा रक्तगटही दात्याचा होतो.

घरी परतल्यावर आप्तेष्ट समजतात की संकट टळले. वस्तुतः रुग्णालयात तीन पाळ्यांतील परिचारिका जी दक्षता घेत होत्या, ती आता एकट्या माणसाच्या हवाली झालेली असते. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर आपल्या अखत्यारीत पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही, रात्री दोन वाजताही रुग्णालयाला फोन करायचा. दात्याच्या पेशी रुग्णाच्या देहालाच परका मानून त्यावर उलटू शकतात: तळहात-तळपायांवर पुरळ, वारंवार पातळ जुलाब, पिवळे डोळे ही त्याची चिन्हे, आणि ती प्रथम दिसतात घरच्या माणसालाच. हे उलटणे आवरण्यासाठी दिलेल्या टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन या गोळ्यांचे रक्तातील प्रमाण तपासायचे असेल, त्या सकाळची मात्रा रक्त दिल्यावरच घ्यायची. पपनस वर्ज्य, कारण त्याने औषधाचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. आणि प्रेमाने आणलेला कोणताही काढा डॉक्टरांच्या अनुज्ञेवाचून द्यायचा नाही. अन्न ताजे, पूर्ण शिजलेले व गरम, पाणी उकळलेले, कोशिंबीर आणि कच्ची चटणी काही काळ बंद. कुंड्यांची माती आणि शेजारच्या बांधकामाची धूळ यांपासून दूर, कारण त्यांतील बुरशी फुप्फुसांत बळावते.

या बंदोबस्तात एक धोका आहे, आणि त्याविषयी फार थोडे बोलले जाते. अहोरात्र ‘हे खाऊ नका, ते शिवू नका’ म्हणता म्हणता पत्नीची पहारेकरीण होते आणि पतीचा कैदी. स्टेरॉइडने चेहरा सुजतो, झोप उडते, स्वभाव चिडका होतो; त्या चिडीचा उगम बव्हंशी औषधात आहे हे जाणूनही ती झोंबतेच. म्हणून दिवसातला काही वेळ गोळ्या, काउंट, रिपोर्ट यांचे नाव न काढता दोघांनी पूर्वीप्रमाणे बसावे, भांडायचे असल्यास संसारातल्या जुन्याच विषयावर भांडावे, आणि निर्बंध कोणते व किती दिवसांचे हे डॉक्टरांनी रुग्णालाच समक्ष सांगावे, म्हणजे ते पत्नीचे फर्मान ठरत नाही.

खर्चाचा भार वेगळाच. मुख्यमंत्री सहायता निधी किंवा धर्मादाय न्यास यांच्याकडे अर्ज करण्यासाठी रुग्णालयाचे अंदाजपत्रक, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका अशी कागदपत्रे लागतात. रुग्णालयातील समाजसेवा विभाग त्याची वाट दाखवतो, आणि तेथे पहिल्या आठवड्यातच जावे.

नातलगांनी भेटीला गर्दी करू नये, संसर्गाचे भय खरे आहे. पण दूर राहणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. या कचेऱ्यांच्या खेपा त्यांनी घालाव्यात. मुलांना शाळेतून आणावे, जोडीदाराला आठवड्यातून एक रात्र सलग झोप मिळेल अशी तजवीज करावी. प्लेटलेट्स साधारण पाचच दिवस टिकतात, त्यामुळे एकदम वीस दाते गोळा करण्यापेक्षा रक्तपेढीला विचारून दात्यांच्या पाळ्या लावाव्यात, आणि ती यादी जोडीदाराने नव्हे, दुसऱ्या कोणी सांभाळावी.