तांब्याचे वाक्य आणि डासांचे वाक्य

अकरावीत प्रथमच इंग्रजीतून विज्ञान वाचणारा विद्यार्थी ‘ऑइल विल फ्लोट ऑन वॉटर’ या वाक्याचे भाषांतर ‘तेल पाण्यावर तरंगेल’ असे करतो. पण येथे ‘विल’ उद्याची गोष्ट सांगत नसून तेलाचा स्वभाव सांगते. ‘तेल ते, पाण्यावर तरंगणारच!’ असे आपणही म्हणतो की. ‘इज फ्लोटिंग’ आणि ‘फ्लोट्स’ यांतला फरक समजावण्यास तर ‘तरंगत आहे’ आणि ‘तरंगते’ ही आपली जोडी पुरेशी आहे. पहिले आत्ताचे, या भांड्यातले, दुसरे नेहमीचे.

खरी मेख आहे ती या ‘नेहमीच्या’ साध्या वर्तमानकाळात. ‘तांब्यातून वीज वाहते’ आणि ‘डास मलेरिया पसरवतात’ या वाक्यांत, मराठीत काय किंवा इंग्रजीत काय, काळ एकच. तांब्याला अपवाद नाही. डासांचे मात्र पाहा. नर डास चावतच नाहीत. माद्यांपैकी फक्त ॲनॉफिलीस, आणि त्यांतही ज्यांच्या शरीरात मलेरियाचे परजीवी वाढलेले आहेत, त्याच हा रोग माणसांत पसरवतात. म्हणजे बहुसंख्य डासांना लागू नसलेले हे वाक्य आपण खरे मानतो, आणि आमच्या मते ते योग्यही आहे. अटळ नियम कोणता आणि निव्वळ प्रवृत्ती कोणती, हे येथे व्याकरण सांगत नाही. विषयाच्या ज्ञानावरूनच ते ओळखावे लागते.

हा भेद उघड करायचा झाल्यास इंग्रजीत वेगळी रूपे आहेत. ‘टेंड टू’ म्हणजे कल त्या बाजूला, अपवाद गृहीत. ‘कॅन’ म्हणजे असे घडू शकते. किती वेळा, ते सांगितलेले नाही.

या दृष्टीने अमेरिकेतील सिगारेटच्या पाकिटांवरचा इशारा वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे. १९६६ पासून त्यात ‘मे बी’ होते: धूम्रपान आरोग्यास घातक असू शकेल. १९७० च्या कायद्याने तेथे ‘इज’ आले. १९८५ पासूनच्या एका इशाऱ्यात फुप्फुसाच्या कर्करोगासाठी थेट ‘कॉझेस’, आणि गर्भारपणातील गुंतागुंतीसाठी त्याच वाक्यात ‘मे’! क्रियापदाचा हा प्रवास पुराव्यामुळे घडला, तसाच कायदेमंडळातील ओढाताणीमुळेही.

तरीही ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विड्या ओढत होते, त्यांना कुठे काय झाले?’ असे एखादा विद्यार्थी विचारतोच. त्याने ते वाक्य तांब्याच्या वाक्यासारखे वाचलेले असते. ते आहे डासांच्या जातीचे.