चकतीने उघडणारे दार आगीत उघडेल का?

नेवासा तालुक्यातील शनिशिंगणापूर हे घरांना दारे-कुलपे न लावण्याच्या परंपरेसाठी देशभर ओळखले जाते. जानेवारी २०११ मध्ये तिथे युको बँकेने शाखा उघडली, तेव्हा गावाची श्रद्धाही जपायची होती आणि लोकांच्या ठेवीही सांभाळायच्या होत्या. त्यावर तोडगा निघाला तो सहज नजरेत न भरणाऱ्या, रिमोटवर चालणाऱ्या विद्युतचुंबकीय कुलपाचा. ‘कुलूप नसलेली बँक’ म्हणून ती शाखा गाजली, पण दार बंद ठेवण्याचे काम चुंबक करत होता.

आज त्याच तत्त्वावरचे कुलूप सोसायट्या, कार्यालये आणि रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांच्या दारांवर दिसते. ते उघडायला किल्लीच्या जुडग्यात अडकवलेली प्लॅस्टिकची छोटी चकती पुरते. कोणी तिला टॅग म्हणते, कोणी की-फोब. ही चकती घेताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: आत कोण येऊ शकेल? संकटात बाहेर कसे पडायचे, हा दुसरा प्रश्न सहसा राहूनच जातो.

बॅटरी नाही, तरी चालते कशी?

चकतीत तांब्याच्या तारेचे बारीक वेटोळे आणि एक चिप असते. दाराजवळचा रीडर सतत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. चकती जवळ नेली की वेटोळ्यात वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व ते हेच. तेवढ्या विजेवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. नियंत्रक तो क्रमांक यादीत शोधतो आणि सापडला तर दार सोडतो.

चकती दाराशी जुळायची, तर दोन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली वारंवारता. जुन्या यंत्रणा १२५ किलोहर्ट्झवर, तर अनेक नव्या १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतात. एकीची चकती दुसरीच्या रीडरला दिसतच नाही. दुसरी क्रमांकाची मांडणी. सर्रास वापरल्या जाणाऱ्या २६ बिटांच्या मांडणीत इमारतीचा संकेत ० ते २५५ आणि चकतीचा क्रमांक ० ते ६५,५३५ एवढाच असतो. म्हणजे जगभरात मिळून सुमारे १ कोटी ६८ लाख जोड्या. त्यामुळे एकच क्रमांक दोन ठिकाणी असणे अशक्य नाही.

नवी चकती की नक्कल?

१२५ किलोहर्ट्झच्या साध्या चकत्या विचारणाऱ्या कोणत्याही रीडरला आपला क्रमांक सांगून टाकतात. तो कोऱ्या, पुन्हा लिहिता येणाऱ्या चकतीवर उतरवणे काही सेकंदांचे काम आहे. इथे एक फरक लक्षात ठेवावा. वेगळ्या क्रमांकाची नवी चकती घेऊन तो क्रमांक नियंत्रकात नोंदवणे निराळे आणि जुन्या चकतीचा क्रमांक नव्या चकतीवर उतरवणे निराळे. नक्कल केली, तर यंत्रणेच्या लेखी दोन माणसे एकच ठरतात. एकाची चकती हरवून तो क्रमांक रद्द केला, तर दुसऱ्याचीही बंद पडते. रद्द न केल्यास सापडणाऱ्याला दार मोकळे. नवजात बालकांचा कक्ष किंवा औषधांचे भांडार यांसारख्या ठिकाणी आत कोण गेले याची नोंद महत्त्वाची असते. तिथे नक्कल चकती म्हणजे खोटी हजेरी.

बाहेर पडण्याचा प्रश्न

६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्णांचा मृत्यू झाला. दाराच्या कुलपाशी संबंध जोडण्यासाठी ही आठवण नाही. अतिदक्षता विभागातील रुग्ण स्वतः उठून पळू शकत नाही, हे ध्यानात यावे म्हणून आहे. त्याला दुसऱ्या कोणीतरी खाटेसह बाहेर काढावे लागते. आगीत ज्वाळांइतकाच धूरही घातक असतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मग गोंधळ उडतो, नंतर शुद्ध हरपते. अशा वेळी खिशात चकती चाचपडणे परवडणारे नाही.

विद्युतचुंबकीय कुलूप वीज असेपर्यंतच दार धरून ठेवते, वीज गेली की सोडते. पण वीज जाण्याच्या त्रासामुळे आपल्याकडे त्याला बॅटरीची जोड दिलेली असते. त्यामुळे ‘लाइट गेली की दार उघडेलच’ हा समज चुकीचा ठरतो. काही विद्युत कुलपे तर वीज गेल्यावरही बंदच राहतात. म्हणून आगीचा अलार्म वाजताच कुलपाची वीज आपोआप तोडली जायला हवी. आतल्या बाजूला, दाराशेजारी, दाबताच चुंबकाची वीज थेट तोडणारी हिरवी आपत्कालीन पेटीही हवी. बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे, असे राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. चकती हीसुद्धा किल्लीच.

पेसमेकर असेल तर

चकतीत बॅटरी नसल्याने ती खिशात ठेवण्याने अपाय होत नाही. मात्र पेसमेकर बसवलेल्यांनी रीडरला किंवा चुंबकाला छाती टेकून उभे राहू नये. साधारण १५ सेंटिमीटर अंतर ठेवून चकती दाखवावी आणि पुढे जावे. रुग्णालयात गळ्यात लटकणारी चकती खाटांना, कपड्यांना लागते, म्हणून हातांबरोबर तीही स्पिरिटने पुसावी.

सोसायटीच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. हरवलेल्या चकत्यांचे क्रमांक यादीतून काढले का? घर सोडून गेलेल्या भाडेकरूंचे काय? आणि हिरवी पेटी शेवटची दाबून कधी पाहिली? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच देता आले नाही, तर बैठक संपवून सर्वांनी आधी दाराकडे जावे. मुख्य वीज बंद करावी, पेटी दाबावी आणि दार ढकलून पाहावे.